आठवी सूचना

निंभोरकर काका गेले त्या दिवशी मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग स्वतःची लाज वाटली. पाच वर्षं मी त्या माणसासमोर धड मान वर करून बसलो नव्हतो. त्यांनी मला कधी दोन शब्द सुनावले असते तर मीही चार दिवस तोंड फिरवलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण ते काही बोललेच नाहीत. भेटलो की चहा घेतोस का विचारायचे, आणि मी घ्यायचो.

बळीराम निंभोरकर हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काहीच कारण नाही. जबलपूरजवळ खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं पॅकिंग सेक्शनला होते, एवढीच त्यांची ओळख. अमरावतीकडच्या एका खेड्यातून पंचावन्न साली लोखंडी ट्रंक घेऊन जबलपूरला उतरले. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होतं, त्यामुळे पोरगा प्रांताच्या दुसऱ्या टोकाला गेला आहे, एवढंच त्यांच्या वडिलांना वाटलं. वर्षभरात राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं आणि जबलपूर इकडे राहिलं. काका सांगायचे, मी परप्रांतात आलोच नाही, प्रांतच माझ्या पाठीमागून उठून गेला. हा विनोद ते दर गणपतीत एकदा तरी करायचे आणि आम्ही दर वेळी हसायचो. मराठी मंडळात करमणुकीची साधनं तशी कमीच होती.

मी विष्णू, त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. वडील फॅक्टरीत होते, मी टपाल खात्यात लागलो, आणि संध्याकाळी मंडळाची दोन कपाटांची लायब्ररी सांभाळायचो. त्यामुळे वस्तीत कोणाला चांगलं मराठी लिहून हवं असलं, मग ती लग्नपत्रिका असो की शोकसभेचा मजकूर, की लोक माझ्याकडे यायचे. बाकीच्यांची पोरं हिंदी शाळेत शिकलेली, घरात मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा मी शहाणा होतो. मला त्याचा थोडा गर्वही होता, तो आता राहिलेला नाही.

पॅकिंग म्हणजे खोक्यात माल भरून वर खिळे ठोकणं, असं ज्याला वाटतं त्यानं काकांसमोर तसं बोलायची हिंमत करायची नव्हती. दारूगोळ्याचा खरा वैरी शत्रू नसतो, ओल असते, हे त्यांचं पहिलं वाक्य. मग मेणकागद किती जाड हवा, त्याची घडी कुठे मारायची, कोपरा कसा दाबायचा, यावर पाऊण तास. प्रत्येक बंद पाकिटात निळ्या दाण्यांची एक छोटी थैली टाकलेली असायची. ते दाणे हवेतली ओल पितात आणि पिऊन पिऊन गुलाबी होतात. तव्यावर भाजले की पुन्हा निळे. असले दाणे काकांनी घरीही आणून ठेवले होते. इंदूकाकू बडा फुहाऱ्याच्या बाजारातून मांजरपाट आणायच्या आणि त्याच्या थैल्या शिवायच्या. पांढऱ्यावर पांढरा टाका दिसत नाही म्हणून दोरा लाल. ऑगस्टात साऱ्या खमरियाच्या मिठाला पाणी सुटायचं, निंभोरकरांचं मीठ मात्र वाळूसारखं मोकळं. बायका त्यांच्याकडून थैल्या मागून न्यायच्या आणि तिखटाच्या, पापडाच्या डब्यात टाकायच्या. मूल नव्हतं त्यांना. काकूंच्या लाल टाक्याची थैली मात्र प्रत्येक घरात होती.

नव्वद साली काका निवृत्त झाले. घड्याळ मिळालं, हार मिळाला, भाषणं झाली. आठ दिवसांनी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "पस्तीस वर्षं पेट्या बांधल्या विष्णू. कुठं गेल्या, फुटल्या का तशाच पडून राहिल्या, कोणी सांगितलं नाही. एक पेटी अशी बांधायची राहिली, की पोचल्यावर कोणी उघडून बसून खाईल." मी म्हटलं, लाडू पाठवा कोणाला तरी. ते हसले नाहीत. तेव्हा मला समजायला हवं होतं की हा माणूस मनातलं बोलतो आहे. माझं तोंड अशा वेळी नेमकं थट्टेला धावतं.

त्यांना ती पेटी दाखवली विनीतानं. ती आमच्याच वस्तीतल्या रामरावांची मुलगी, काकूंच्या थैल्यांतले दाणे चोरून खेळलेली. शेतीशास्त्र शिकून ती नाशिककडे द्राक्षांच्या एका संशोधन योजनेत लागली होती. ब्याण्णवच्या दिवाळीत घरी आली तेव्हा काकांना भेटायला गेली, मीही होतो. तिच्या कामाचं सांगू लागली. आपली द्राक्षं जहाजानं युरोपला जातात, समुद्रातच तीन-चार आठवडे जातात, मग तिकडचा व्यापारी खोकं उघडतो. तो मणी नंतर बघतो, आधी देठ बघतो. देठ हिरवा तर माल घेतला, देठ वाळका आणि कुठे करडी बुरशी दिसली तर अख्खा कंटेनर नको. बुरशी थांबवायला खोक्यात द्राक्षांवर एक कागद ठेवतात. त्यात गंधकाच्या जातीची पांढरी पूड असते. द्राक्षांच्या अंगची ओल लागली की पूड जागी होते आणि थोडा थोडा वायू सोडते. हा कागद परदेशातून येतो, आणि तो बंदरात अडकला की इकडे पिकलेली द्राक्षं वेलावर अडकतात. आपल्याकडे तसा कागद बनवायचे दोन-तीन प्रयत्न झाले, पण एकात वायू इतका सुटला की मणी पांढरे पडले आणि दुसऱ्यात सुटलाच नाही.

तिच्या पर्समध्ये एक परदेशी कागद होता. काकांनी तो हुंगला, आगपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा वास नाकात जाऊन दोनदा शिंकले, मग नखानं त्याच्यावरचा मेणाचा थर खरवडून पाहिला. सगळं गुपित त्या थरात होतं. थर जाड असला तर ओल आत जाणार नाही आणि पूड झोपून राहील, पातळ असला तर एकदम जागी होईल. काका म्हणाले, हे तर आपलंच काम आहे, फक्त उलटं. जन्मभर ओल बाहेर ठेवली, आता मोजून आत सोडायची.

पुढचं सगळं रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत झालं. तिथे खोके बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मागची पत्र्याची शेड त्यांना मिळाली. वयाच्या बासष्टाव्या वर्षी हा माणूस रोज सकाळी डबा घेऊन सायकलवर निघायचा आणि अंधार पडता पडता डोळे लाल करून परत यायचा. काकूंना खोकला लागला, कारण तो वास कपड्यांतून घरात यायचा. पहिल्या कागदांनी द्राक्षं पांढरी केली. पुढच्यांनी तीच द्राक्षं बुरशीच्या स्वाधीन केली. काकांनी मेणात काय काय मिसळून पाहिलं ते मला समजलं नाही, मी विचारलंही नाही. मी आपला जायचो, स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचायचो आणि उंटावरून शेळ्या हाकायचो.

त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत विनीतानं रेल्वेनं बारा खोकी द्राक्षं पाठवली, निर्यातीची असतात तशी निवडून. शेडमध्ये काकांनी ती स्वतःच्या हातानं पुन्हा भरली. त्यांचा कागद वापरायच्या आधी कोरडा राहायला हवा, नाहीतर पूड खोक्यात जाण्यापूर्वीच जागी होईल. म्हणून प्रत्येक कागद वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद, आणि अर्थात पाकिटात काकूंची थैली. काका पाकीट फाडायचे, थैली शर्टाच्या खिशात टाकायचे, कागद घडांवर पालथा घालायचे. खिसा भरला की काकू थैल्या पदरात घेऊन घरी न्यायच्या, पुन्हा भाजायला. मी शेजारी बसून हे बारा वेळा पाहिलं. बारा वेळा.

खोकी गावाबाहेरच्या शीतगृहात ठेवली, जिथे आमच्याकडचे बटाटे आणि वाटाणे ठेवतात. पंचेचाळीस दिवसांनी विनीता आली आणि आम्ही ती उघडली. देठ हिरवे होते. मणी टच्च होते. विनीतानं एका घडाचा देठ वाकवून पाहिला, तो मोडला नाही, वाकला, आणि ती तिथेच वाटाण्याच्या पोत्यावर बसून रडली. मी पन्नासेक मणी खाल्ले. काकांनी एकच खाल्ला, सावकाश, बी असल्यासारखा. त्या जातीत बी नसतं. त्या दिवशी मी त्यांना जितकं सुखी पाहिलं तितकं पुन्हा कधी पाहिलं नाही, आणि हे मी अगदी शब्दशः म्हणतो आहे.

विनीतानं योजनेकडे प्रस्ताव दिला, खाली स्वतःची सही केली. ठरलं असं: पुढच्या हंगामात हॉलंडला जाणाऱ्या एका कंटेनरमध्ये दोनशे खोकी काकांच्या कागदाची, बाकीची परदेशी कागदाची. माल तिकडे उघडला जाईल, तिकडचा माणूस फोटो काढून अहवाल पाठवेल. दोनशे खोकी टिकली तर कागद शिफारशीच्या यादीत. नाही टिकली तर विषय संपला. आणि एक अट होती. खोकी भरायची ती नाशिककडच्या पॅकहाउसच्या बायकांनी, त्या रोज भरतात तशीच. ज्यानं कागद बनवला त्यानं तिथे फिरकायचं नाही, फक्त लेखी सूचना पाठवायच्या. अट रास्तच होती. शेवटी कागद वापरणार त्याच बायका होत्या.

मग दोन महिने निंभोरकरांच्या घरात लग्नघर असावं तशी गडबड. काका शेडमध्ये कागद करत होते आणि काकू मशीनवर थैल्या शिवत होत्या. दोनशे थैल्या, वर दहा जास्तीच्या. दाणे तव्यावर भाजून, गार व्हायच्या आत भरून, लाल टाका घालून बंद. काकूंची बोटं पोळली होती आणि त्या ती मिरवत होत्या. मला म्हणाल्या, "विलायतेला चालला माझा टाका." तो टाका पॅकहाउसच्या पुढे जायचा नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं, तरी म्हणाल्या.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी दुपारी काका सूचनांचा कागद लिहून घ्यायला माझ्याकडे आले. पॅकहाउसच्या बायकांना कळेल असं साधं मराठी हवं, म्हणाले, माझ्या बोलण्यात अर्धी हिंदी. मी पेन उघडलं. काका भिंतीला टेकून डोळे मिटून सांगू लागले, आणि सांगताना त्यांचे हात हवेत काम करत होते. हात कोरडे असावेत. घड भरून झाल्याशिवाय पाकीट उघडू नये. पाकीट कात्रीनं कापू नये, हातानं फाडावं, म्हणजे कागदाला कट लागणार नाही. त्यांनी हवेतलं पाकीट फाडलं. डावा हात झटकन छातीकडे गेला आणि परत आला. मला वाटलं, माशी हाकलली. मग दोन्ही हातांनी त्यांनी कागद घडांवर पालथा घातला, कडा सारख्या केल्या. मी लिहिलं: पाकिटातील कागद घडांवर पालथा ठेवावा. पुढे वरचं प्लॅस्टिक कसं दुमडायचं, झाकण कसं लावायचं, किती तासांच्या आत थंडीत न्यायचं. सात सूचना झाल्या.

मी विचारलं, अजून काही राहिलं का. काकांनी डोळे उघडले, सगळं पुन्हा मनात करून पाहिलं, आणि म्हणाले, "बस. एवढंच असते." मी माझ्या वळणदार अक्षरात त्याच्या प्रती काढल्या आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

फेब्रुवारीत माल भरला गेला. जहाज निघालं असं विनीताचं पत्र आलं. मार्चमध्ये काकांनी कॅलेंडरवर रोजची तारीख खोडायला सुरुवात केली. ते नकाशा घेऊन लायब्ररीत बसायचे आणि जहाज आज कुठे असेल ते बोट ठेवून सांगायचे. मला हसू यायचं, पण तेवढं एक शहाणपण केलं, की हसलो नाही. एप्रिल उलटला तरी पत्र आलं नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात विनीता स्वतःच आली. तिला पाहूनच कळलं. आनंदाची बातमी सांगायला कोणी त्या उन्हात दोन गाड्या बदलून येत नाही.

काकू आत होत्या. बाहेरच्या खोलीत विनीतानं अहवाल काढला आणि मी वाचून दाखवला. दोनशेपैकी एकशे नव्वद आणि वर काही खोकी नापास. देठ वाळून तपकिरी, मण्यांवर करडी बुरशी. कागदातून वायू सुटलेला नाही. त्याच कंटेनरमधला परदेशी कागदाचा माल ठीक होता. शिफारस नाही. काकांनी ऐकून घेतलं, वायू सुटला नाही हे कसं होईल एवढंच पुटपुटले, आणि फोटो मागितले. चष्मा पुसला. पहिला फोटो बघून बाजूला ठेवला, दुसरा बघितला, आणि मग पहिला पुन्हा उचलला.

"ही थैली इथं काहून आहे?" त्यांनी विचारलं.

मी वाकून पाहिलं. खोक्यात सडलेल्या घडांवर काकांचा कागद होता आणि त्याच्या मधोमध पांढरी थैली होती. लाल टाका स्पष्ट दिसत होता. दुसऱ्या फोटोतही होती. तिसऱ्यातही. पॅकहाउसच्या बायकांनी पाकीट फाडलं, आत दोन वस्तू निघाल्या, त्यांनी दोन्ही द्राक्षांवर ठेवल्या. इतकी निगुतीनं शिवलेली थैली, तीही औषधाचाच भाग असणार. त्यांचं काय चुकलं? मीही तेच केलं असतं. थैल्यांनी खोक्यातली ओल पिऊन टाकली, जो थोडा वायू सुटला असेल तोही पिऊन टाकला. आधी देठ वाळले, आणि दाण्यांचं पोट भरल्यावर पुढची ओल बुरशीला मिळाली. ज्या ओलीनं पूड जागी व्हायची तीच वेळेवर पोचली नाही. कागदात कणभर खोट नव्हती.

विनीताचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, "मी होते तिथं काका, भरताना. मी पाहिली थैली. वाटलं, तुम्ही काही नवीन सुधारणा केली असेल. तुमच्या हातचं होतं, म्हणून मी विचारलं नाही."

काका तिला म्हणाले, तुझी चूक नाही. मग त्यांनी माझ्याकडे सूचनांची प्रत मागितली. एकेका ओळीवर बोट ठेवत गेले, आणि पाकीट फाडावे आणि कागद पालथा ठेवावा या दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेवर बोट थांबलं. "लिहिलंच नाही," ते म्हणाले. खमरियात पाकीट फाडलं की थैली बाहेर, हे कोणी कोणाला सांगत नसे. श्वास घ्यायला कोण सांगतं? पस्तीस वर्षं तो हात आपोआप खिशाकडे गेला होता, आणि त्या दुपारी माझ्या ओट्यावर पण गेला होता. मी पाहिला होता. मी माशी समजलो होतो.

हे मी त्यांना सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतर पाच वर्षांतही नाही. सांगून काय झालं असतं ते मला माहीत नाही. भित्रेपणाला मी दुसरं नाव देणार नाही.

इतक्यात काकू सरबत घेऊन बाहेर आल्या. काकांनी फोटो पालथे केले आणि वर अहवाल ठेवला. काकूंनी सगळ्यांची तोंडं पाहिली आणि काय झालं विचारलं. काका म्हणाले, "कागद कमी पडला. माझं औषध कमी पडलं." ज्या कागदात खोट नव्हती त्याला त्यांनी आपल्याच घरात खोटा ठरवलं, बायकोच्या लाल टाक्यासाठी. काकूंनी सरबताचा पेला त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, चलो, तब्येत तर आहे. विनीता उठून बाहेर गेली.

मी भांडायला तयार होतो. योजनेला पत्र लिहू, फेरचाचणी मागू, थैलीचं सगळं स्पष्ट करू. काका नको म्हणत होते. त्यांच्या मते सूचना हाही पॅकिंगचाच भाग. सूचना चुकली म्हणजे पॅकिंग चुकलं, फॅक्टरीत अशा चुकीनं माणसांचे हात गेलेत. शेवटी विनीताच्या नोकरीसाठी त्यांनी सही केली. पत्र मी टपाल ऑफिसात बसून लिहिलं, घरात काकूंच्या कानावर जायला नको म्हणून. उत्तर महिन्यानं आलं. चाचणी पुरवठादारानं पाठवलेल्या मालाची आणि सूचनांची होती, ती पूर्ण झाली आहे, फेरचाचणीची तरतूद नाही. विनीताला मात्र लेखी विचारणा झाली, की थैली दिसली असताना आपण गप्प का राहिलात. तिनं खरं तेच उत्तर दिलं. तिला साठवणुकीच्या कामावरून काढून मातीचे नमुने गोळा करायला लावलं. दीड वर्षानं तिनं ती नोकरी सोडली, आता एका शाळेत विज्ञान शिकवते. द्राक्षांचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही.

शेड सुटली. उरलेले कागद काकांनी नदीकाठच्या खड्ड्यात पुरले. सायकल ओसरीत उभी राहिली आणि तिच्या सीटवर धूळ बसत गेली. फेब्रुवारीत गल्लीत द्राक्षांची गाडी आली की ते आत जाऊन पडायचे. आणि एक दिवस त्यांनी घरातल्या सगळ्या डब्यांतून थैल्या काढून टाकल्या. काकूंना म्हणाले, दाणे जुने झाले, आता त्यांच्यात दम नाही. काकूंनी नव्या शिवते म्हटलं तर मशीनवर हात ठेवून नको म्हणाले. त्या पावसाळ्यात निंभोरकरांच्या घरचं मीठ पहिल्यांदा ओलं झालं. शेजारच्या बायकांना नवल वाटलं. मला वाटलं नाही.

माणूस एका दिवसात खचत नाही, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण, मग गणपतीतला तो प्रांताचा विनोदही बंद झाला. कोणाला आठवण झाली नाही. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं आणि सापडणारही नव्हतं. नव्व्याण्णवच्या थंडीत एका सकाळी ते उठलेच नाहीत.

तेराव्याला लोक जेवून गेले. मी सतरंज्या गोळा करत होतो. काकूंनी मला आत बोलावलं. मशीन कापडाखाली झाकलेलं होतं. त्यांनी खालचा खण ओढला आणि मांजरपाटाची एक थैली काढली, त्या दोनशेंच्या वर शिवलेल्या दहांपैकी असावी. ती तळहातावर घेऊन त्यांनी लाल टाक्यावरून अंगठा फिरवला.

मग म्हणाल्या, "तू तर सगळं लिहून दिलं होतं ना विष्णू, तुला माहीत असेल. खरं सांग. माझ्या थैल्या तर ओल्या नव्हत्या राहिल्या? त्याच्यानंतर ह्यांनी मला एक थैली शिवू नाही दिली. पाच वर्षं विचार करून राहिली मी, तोंडानं विचारलं नाही."

"नाही काकू," मी म्हणालो. "एकदम कोरड्या होत्या."

त्यांनी मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं.

"तेच म्हणते मी. ह्यांनी एकदा भाज म्हटलं होतं, मी दोनदा भाजले. थैल्याही थोड्या मोठ्याच शिवल्या, सांगितल्यापेक्षा. म्हटलं ह्यांचं एवढं मोठं काम आहे, माझ्याकडून कमी नको पडायला."

 त्यांनी थैली माझ्या हातात दिली, घरी मिठात टाक म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसून विचारलं, चहा घेतोस का. मी घेतो म्हणालो.